डाळिंबाची साल: सोलल्या दिवशीच वाळवा

सोलापूर भागात भगव्या डाळिंबाचे दाणे किंवा रस काढला जातो तिथे मागे सालींचा ढीग साचतो. फळाच्या वजनातला ४० ते ५० टक्के भाग साल आणि आतल्या पडद्यांचाच. प्युनिकॅलाजिन हे टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, डाळिंबातले एक दमदार अँटिऑक्सिडंट. ते याच भागात असते, दाण्यांत जेमतेम. अख्खे फळ दाबून काढलेला रस तुरट लागतो तो सालीतून उतरलेल्या याच टॅनिनमुळे.

साल वाळवून त्याचा अर्क काढता येतो, पण हा ऐवज बहुतेक वेळा ढिगातच वाया जातो. ओल्या सालीत सुमारे ७० टक्के पाणी आणि भरपूर साखर. कापलेल्या जागी हवा लागली की विकरांमुळे (एन्झाइममुळे) साल तपकिरी पडते. दुसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर तो आतून गरम लागतो, मग बुरशी येते आणि तिची विकरे टॅनिन तोडू लागतात. नंतर कितीही महागडे यंत्र लावले तरी गेलेले परत येत नाही. म्हणून चार-सहा तासांत साल ड्रायरमध्ये जायला हवी. एक सेंटिमीटरचे तुकडे, ट्रेमध्ये एकच थर, तापमान ५० ते ६० अंश. तुकडा वाकला तर अजून ओल आहे. कट्कन मोडला की झाले. तेल्या रोगाचे डाग पडलेली साल आधीच बाजूला काढा. फवारणीच्या औषधांचा अंशही अर्कात उतरू शकतो, तेव्हा सालीची तपासणी करून घेतलेली बरी.

वाळलेली साल रव्याइतकी जाडसर दळा. पिठासारखी केली तर तिच्यातले पेक्टिन फुगते आणि गाळणीचे कापड तुंबते. प्युनिकॅलाजिन पाण्यात चांगले विरघळते, त्यामुळे अल्कोहोल आणि त्याचे परवाने यांत लगेच पडायची गरज नाही. १ किलो भरडीला १५ लिटर पाणी, ४० ते ५० अंश, अर्धा-पाऊण तास ढवळत राहायचे. गाळल्यावर चोथा तीनेक लिटर पाणी धरून ठेवतो. त्यावर पुन्हा ८ लिटर पाणी घाला आणि निघणारा पातळ अर्क पुढच्या बॅचच्या पहिल्या पाण्यात वापरा. चोथ्यात अजून माल आहे का, हे शेवटच्या धुवणात फेरिक क्लोराइड या लोहाच्या क्षाराचा थेंब टाकून कळते: गडद निळा-काळा रंग आला तर आहे.

हीच अभिक्रिया लोखंडी भांड्यात नको तिथे घडते. सालीच्या रंगात हिराकस (लोहाचा क्षार) घालून सूत काळे करतात, तसाच अख्खा अर्क काळवंडतो. भांडी, पाती, झडपा सगळे स्टेनलेस स्टीलचेच हवे. बोअरचे क्षारयुक्त पाणीही टाळा. अल्कधर्मी पाण्यात प्युनिकॅलाजिन टिकत नाही. सायट्रिक आम्लाने पीएच ४च्या आसपास ठेवा. काढा करतात तसे तासन्‌तास उकळू नका, कारण प्युनिकॅलाजिनचे इलॅजिक आम्ल बनते आणि ते पाण्यात जवळजवळ न विरघळता गाळ होऊन तळाशी बसते. आटवायचे तर निर्वातात, ५० अंशांखाली.

अर्क विकत घेताना ‘एकूण पॉलिफिनॉल’ एवढ्याच आकड्यावर विसंबू नका. त्या चाचणीत क जीवनसत्त्व आणि काही साखराही मोजल्या जातात. एचपीएलसीने, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने, मोजलेले प्युनिकॅलाजिन मागा.

हे टॅनिन तेलात विरघळत नाही, त्यामुळे शेंगदाणा तेलाच्या डब्यात अर्काची भुकटी नुसती तळाशी बसेल. मासळी आणि मटणाच्या मसाल्यात मात्र हीच भुकटी चरबी खवट होण्याचा वेग कमी करते. प्रमाण चवीवरून ठरवा: तुरटपणा जिभेला लागला की हात आवरायचा.