वेल्श रग्बी युनियन आणि रीजनल रग्बी

वेल्श रग्बी युनियन ही वेल्समधलं रग्बी चालवणारी संस्था, १८८१ मध्ये नीथ गावातल्या कॅसल हॉटेलात सुरू झालेली. नॅशनल टीम, कार्डिफचं ७४ हजार सीट्सचं स्टेडियम आणि तिथून येणारा पैसा हे सगळं हिच्याच हातात, त्यामुळे कार्डिफला मीटिंगमध्ये काही ठरलं की त्याची झळ पार वरच्या खोऱ्यातल्या गावांपर्यंत जाते.

सगळ्यात जास्त झळ बसली ती २००३ ला. १९९५ मध्ये रग्बी प्रोफेशनल झालं, पगार वाढले, आणि जेमतेम ३० लाख वस्तीच्या देशात ९ मोठे क्लब पोसणं काही जमेना. तेव्हाचे सीईओ डेव्हिड मॉफेट यांनी ९ क्लब एकत्र करून त्यांचे ५ रीजन, म्हणजे भागवार टीम्स, करून टाकले. हिशोबाला बरोबरच होतं म्हणा, पण नीथ आणि स्वान्सी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी एका जर्सीत घालायचे म्हणजे कोल्हापुरातल्या दोन तालमींना उद्यापासून एकच टीम उतरवा म्हणण्यातला प्रकार. तरी त्यांची मिळून झालेली ऑस्प्रीज टिकली. खरे हाल झाले ब्रिजेंड आणि पाँटिप्रिड मिळून केलेल्या सेल्टिक वॉरियर्सचे. टीममध्ये नील जेन्किन्स, गॅरेथ थॉमससारखे वेल्सचे नावाजलेले प्लेयर्स, जानेवारी २००४ मध्ये वॉस्प्स या इंग्लिश क्लबला त्यांच्याच ग्राउंडवर हरवलं (त्याच वॉस्प्सने पुढे त्या सीझनचा हाईनेकेन कप, म्हणजे युरोपातल्या क्लब्सची स्पर्धा, जिंकला), आणि उन्हाळ्यात युनियनने टीमच बंद केली. एका सीझनमध्ये खेळ खलास! प्लेयर्स इकडेतिकडे वाटले गेले, पण पाँटिप्रिडच्या प्रेक्षकांनी कुणाला सपोर्ट करायचा ते कुणी सांगितलं नाही, बरेच जण मग आपल्या जुन्या क्लबच्याच मॅचला जात राहिले.

दुसरा निर्णय ६० कॅप्सचा (कॅप म्हणजे देशाकडून खेळलेला एक सामना). फ्रान्स-इंग्लंडचे क्लब जास्त पैसे देऊन प्लेयर्स न्यायचे म्हणून २०१७ मध्ये नियम आला, वेल्सबाहेर खेळणाऱ्याचे ६० इंटरनॅशनल सामने झाले नसतील तर त्याला नॅशनल टीमचं दार बंद. वेल्सचा प्लेयर रीस वेब त्याच वर्षी लायन्सकडून (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र टीम) खेळून आलेला, तूलाँ या फ्रेंच क्लबशी करार करून बसलेला, तो सापडलाच यात. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये करार रखडले म्हणून प्लेयर्सनी इंग्लंडविरुद्धची मॅच न खेळण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे ६० चा आकडा २५ वर आला. म्हणजे इतकी वर्षं जो आकडा हलत नव्हता तो मॅच तोंडावर आल्यावर हलला.

मैदानावरही वेल्सची अवस्था वाईटच, २०२३ च्या वर्ल्ड कपपासून सलग १८ टेस्ट (इंटरनॅशनल सामने) हरल्यावर जुलै २०२५ मध्ये जपानला हरवून ती माळ तुटली. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनियनने उरलेल्या ४ टीम्सच्या ३ करायचं जाहीर केलं. यात गोम अशी की दिवाळखोरीत आलेला कार्डिफ क्लब त्याच वर्षी एप्रिलमध्ये युनियनने स्वतःकडे घेतला होता, त्यामुळे कोण राहणार नि कोण जाणार हे ठरवणाऱ्याचीच त्यात एक टीम होती.