पार्श्वभूमी : कोळशावर बसलेलं विकर ते केसाएवढी नळी

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस गुऱ्हाळावर पडून राहिला की गुळव्याच्या कपाळावर आठ्या पडतात. ढेप धड बसत नाही, गूळ चिकट होतो. कोल्हापूरकरांना हे कुणी शिकवायला लागत नाही. यामागचा एक उद्योगी इसम म्हणजे इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम). ते साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं.

गंमत म्हणजे विकरं बांधून ठेवण्याचा, म्हणजे घन पदार्थाला चिकटवून ठेवण्याचा इतिहासही इन्व्हर्टेजपासूनच सुरू होतो. फक्त ते यीस्टमधलं. १९१३ साली मिखाएलिस आणि मेंटेन यांनी विकरांच्या वेगाचं समीकरण त्याच्यावरच मांडलं. १९१६ मध्ये अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसलं, की कोळशाला चिकटून बसलेलं इन्व्हर्टेजही साखर फोडतच राहतं. विरघळलेलं विकर प्रत्येक घाण्याबरोबर वाया जातं; बांधलेलं पुन्हा वापरता येतं. एवढी साधी गोष्ट कारखान्यात पोचायला अर्धशतक गेलं. १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेयाकु कंपनीत इचिरो चिबाता यांनी बांधलेल्या अमायनोअसायलेज या विकरावर अमिनो आम्लांचं उत्पादन सुरू केलं. पाठोपाठ मक्याच्या ग्लुकोजपासून फ्रुक्टोजचा पाक आला.

पण बांधलं की विकराचा जोर बहुधा कमी होतो. कशावर बांधायचं, कसं, किती दिवस टिकेल, हे करूनच बघावं लागतं आणि विकर महाग. शिवाय मोठ्या भांड्यात विकर मंद आहे की साखर त्याच्यापर्यंत उशिरा पोचते, हे कळत नाही. माझ्या मते खरी अडचण हीच होती.

तिच्यावरचा तोडगा दुसऱ्याच घरातून आला. १९७९ मध्ये स्टॅनफर्डला सिलिकॉनच्या चकतीवर वायू-विश्लेषक कोरला गेला. १९९० मध्ये आंद्रेआस मान्झ यांनी अख्खी प्रयोगशाळा चिपवर आणण्याची कल्पना मांडली. १९९८ च्या सुमारास जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने मऊ, रबरासारखं सिलिकोन साच्यात ओतून चिपवरच्या केसाएवढ्या नळ्या झटपट, स्वस्तात करून दाखवल्या. रुंदी काही दहा ते काही शे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथे प्रवाह खळखळत नाही. रेणू पसरत पसरतच भिंतीशी पोचतात. अंतर दहापट घटलं की त्याला लागणारा वेळ शंभरपट घटतो, म्हणून विकराचा स्वतःचा वेग उघडा पडतो. पंप हळू-जलद करून रस आत किती वेळ राहावा तेही ठरवता येतं, आणि सगळं काही मायक्रोलिटरमध्ये.

विकर सच्छिद्र मण्यांवर बांधून नळीत भरलं, तर मण्यांच्या पोटात मात्र जुनी दिरंगाई राहतेच. बुडबुडे अडकतात, गाळ बसतो. गुऱ्हाळात मळी वर आणायला भेंडीचं पाणी घातलं की भागतं. इथे उसाचा रस बारीक गाळल्याशिवाय सोडला तर नळी तुंबलीच.