व्रण भरतो, आजार राहतो

जननेंद्रियावर एक छोटासा व्रण येतो. बोटाला घट्ट लागतो, कातडीखाली बटण असावं तसा. दुखत नाही, खाजत नाही. मलम लावा नाहीतर लावू नका, तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. ज्याला झाला तो हुश्श म्हणतो आणि विसरून जातो. फसगत होते ती इथेच.

हा व्रण सिफिलिसचा. मराठीत याला उपदंश म्हणतात, जुना शब्द गरमी. व्रण भरला तरी त्याचे पिळदार, मळसूत्रासारखे जंतू तोवर रक्तातून अंगभर पोचलेले असतात. काही आठवड्यांनी पुरळ उठतं, पुष्कळदा तळहात-तळपायांवरसुद्धा. तेही जातं. मग कित्येक वर्षं काहीच नाही, आणि उपचार झाले नसतील तर काहींच्या मेंदूवर, हृदयावर घाला पडतो. व्रण योनीच्या आत किंवा गर्भाशयमुखावर असेल, तर त्या बाईला तो दिसतही नाही. आणि सुरुवातीच्या काळात हाच आजार बहुधा पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होतो!

अशा आजारांना आपण 'गुप्तरोग' म्हणतो ते लाजेपोटी. पण ते खरोखरच लपून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ वयोगटात क्लॅमिडिया, गनोरिया म्हणजे परमा, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चारांचे मिळून ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. चारही औषधाने बरे होणारे. पण बहुतेकांना एकतर काही लक्षणंच नसतात, नाहीतर अगदी किरकोळ असतात.

यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती क्लॅमिडियाची. हा जीवाणू आपल्या पेशीत शिरतो, आतच वाढतो आणि दोन-तीन दिवसांत पेशी फोडून शेजारच्या पेशींत जातो. बाईला ना ताप, ना वेदना. दरम्यान संसर्ग वर चढून गर्भनलिकांना सूज आणतो, आत वण पडतात. मूल का राहत नाही याच्या तपासण्या सुरू झाल्यावरच काहींना हे पहिल्यांदा कळतं. म्हणून 'मला काही त्रास नाही' हे तपासणी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही.

'सगळ्या टेस्ट करून टाका' असं म्हटलं की सगळं तपासलं जातं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. नेहमीच्या रक्ततपासणीत यातलं बहुधा काहीच नसतं. नाव घेऊन मागावं लागतं. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी रक्तातून कळतात. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी लघवी किंवा स्वॅब लागतो, आणि जंतूंचं जनुकद्रव्य शोधणारी, कोविडमुळे ओळखीची झालेली पीसीआरसारखी चाचणी. एरवी लघवी तपासायला देताना पहिली धार सोडून मधली घ्यायला सांगतात. इथे उलटं: निदान तासभर लघवी न करता, अगदी पहिली धारच डबीत घ्यायची, कारण मूत्रमार्गातले जंतू तीच वाहून आणते. स्त्रियांसाठी योनीचा स्वॅब जास्त चांगला, आणि तो स्वतः घेतला तरी चालतो. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झालं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. घशातला संसर्ग लघवीत दिसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली एचआयव्ही चाचणी त्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे अँटिबॉडीबरोबर विषाणूचा अंशही शोधणाऱ्या चाचणीला खात्रीसाठी ४५ दिवस द्यावे लागतात, फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या झटपट चाचणीला ९० दिवस. पण एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर दिवस मोजत बसू नका. संसर्ग रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या बऱ्या, सुरू कराव्या लागतात. गरोदरपणात सिफिलिस आणि एचआयव्हीची चाचणी सुरुवातीलाच व्हायला हवी, कारण वेळेवर उपचार झाले तर बाळ वाचवता येतं. एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) आणि हिपॅटायटिस बी यांवर लशी आहेत. घेतल्या नसतील तर त्याच भेटीत विचारा.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर जोडीदाराला सांगणं सर्वांत अवघड जातं, हे मान्य. पण एकानेच औषध घेतलं तर दुसऱ्याकडून संसर्ग परत येतो. दोघांनी उपचार घ्यायचे, डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळायचे, आणि क्लॅमिडिया-गनोरियासाठी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

सिफिलिसच्या व्हीडीआरएल या रक्तचाचणीत, रक्त किती पट पातळ केलं तरी ती पॉझिटिव्ह येते हे सांगणारा, समजा १:३२ असा आकडा लिहिलेला असतो. उपचारांनंतर काही महिन्यांनी तो १:८ म्हणजे चौथ्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली आला, की औषध लागू पडलं असं डॉक्टर धरतात. सिफिलिसची दुसरी, खास त्याच जंतूच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी मात्र पूर्ण बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येत राहते. त्यामुळे जुने अहवाल आणि इंजेक्शनची तारीख जपून ठेवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला जुना बरा झालेला आजार कोणता आणि नवा कोणता, हे ठरवता येतं.