जुन्या पिकअपला ॲल्युमिनियमची टाकी: धातू बदलला की बैठकही बदलते

अमेरिकेत शेव्हरोलेने १९४९ मध्ये आपल्या पिकअप ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी बसवायला सुरुवात केली. १९७२ च्या मॉडेलपर्यंत ती तिथेच राहिली. १९६० च्या दशकातल्या फोर्ड एफ-१०० मध्येही तीच जागा. चालकाच्या पाठीला सीट, सीटमागे पातळ पत्रा आणि त्या पत्र्याआड सत्तर-पंचाहत्तर लिटर पेट्रोल! केबिनमध्ये कायमचा वास, सीटमागची जागा वाया आणि अपघात झाला तर आगीचं मूळ माणसांच्या शेजारी. म्हणून आज हे ट्रक हौसेने जपणारे पुष्कळजण टाकी केबिनमधून काढतात आणि मागे, हौद्याच्या खाली नेतात. नवी टाकी बहुधा मापाने बनवून घेतलेली, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असते.

ती कुठे बसवायची, याचा धडा इतिहासात आहे. जनरल मोटर्सने १९७३ च्या मॉडेलपासून टाकी केबिनबाहेर काढली खरी, पण चासीच्या, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन लांब तुळयांच्या बाहेरच्या बाजूला लटकवली. तिथे तिला बाजूने येणाऱ्या धडकेपासून आडोसा नव्हता. त्यावरचा वाद अनेक वर्षं चालला आणि १९९४ च्या डिसेंबरमध्ये सरकारशी ५ कोटी १० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. टाकी दोन तुळयांच्या मधेच हवी, हे त्यावरून पक्कं झालं. मागच्या ॲक्सलपलीकडे नेली तर मागून होणाऱ्या धडकेचा विचार करावा लागतो. म्हणून टाकी शेवटच्या आडव्या तुळईच्या पुढे राहील आणि धुराड्याच्या पाइपपासून दूर असेल, हे पाहायचं.

ॲल्युमिनियम हलकं म्हणून टाकी त्याची करतात, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करून पाहू. ७५ सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर लांब आणि १७ सेंटिमीटर खोल अशी टाकी धरा. तिच्यात ७६ लिटर मावतात आणि तिला सुमारे १.३६ चौरस मीटर पत्रा लागतो. पोलादाचा १ मिलिमीटर जाड पत्रा वापरला तर वजन साधारण पावणेअकरा किलो होतं. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश. पण अशा टाकीसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा साधारणपणे ३.२ मिलिमीटरचा घेतात. वजन पावणेबारा किलो. म्हणजे वजनात काहीच फायदा नाही. फायदा ताठरपणात आहे. पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून ॲल्युमिनियम मुळात पोलादापेक्षा तिप्पट लवचीक असूनही हा जाड पत्रा त्या पातळ पोलादी पत्र्याच्या अकरापट ताठ ठरतो. मोठ्या कारखान्यातल्या प्रेसशिवाय, नुसता वाकवून आणि जोडून, सपाट बाजूंची टाकी करता येते ती यामुळे.

दुसरा फायदा गंजाचा. जुन्या पोलादी टाक्यांना शिसं आणि कथिलाच्या मिश्रणाचा मुलामा असे. तो कुठे झिजला, ओरखडला की आतून गंज धरतो आणि त्याचा लालसर चुरा कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. ॲल्युमिनियमचा मुलामा त्याचा स्वतःचाच असतो. हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडची काही नॅनोमीटर जाडीची कातडी तयार होते, आणि ओरखडा पडला तरी ती पुन्हा धरते. मिश्रधातू ५०५२ या क्रमांकाचा निवडतात. त्यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम आणि किंचित क्रोमियम असतं. तो वाकवताना तडकत नाही आणि खाऱ्या पाण्यालाही चांगला तोंड देतो.

हीच कातडी वेल्डरला मात्र छळते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, त्याचं ऑक्साइड २००० अंशांच्याही वर. नुसती उष्णता देत गेलात तर आतला धातू पातळ होतो आणि वरची कातडी तशीच राहते. दोन कडा एकजीव होत नाहीत. त्यासाठी टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे टंगस्टनच्या टोकातून निघणाऱ्या विजेच्या ज्योतीने केलेल्या जोडकामात, प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वापरतात. प्रवाहाच्या एका अर्ध्या फेरीत कातडी फुटून उडते, दुसऱ्या अर्ध्या फेरीत धातू वितळतो आणि भोवतीचा आर्गॉन वायू नवी कातडी धरू देत नाही. सेकंदाला शंभराच्या आसपास किंवा अधिक वेळा हे घडत राहतं. जोड देण्याआधी कडा स्टेनलेस स्टीलच्या स्वच्छ ब्रशने घासतात, कारण तेलाचा किंवा ओलाव्याचा अंशही जोडात बारीक छिद्रं सोडतो.

वेल्डिंगची किंमत मात्र धातू मोजतो. ५०५२ चा पत्रा दाबून कडक केलेला असतो. जोडाच्या आसपास तापला की तो कडकपणा जातो आणि तिथली ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणून चांगला कारागीर पत्रा शक्य तिथे वाकवतो, जोड कमी ठेवतो आणि कोपऱ्यांना गोलाई देतो. टाकी करून घेणाऱ्याने सगळ्यात आधी हे विचारावं, असं मला वाटतं: किती कडा वाकवलेल्या आहेत आणि किती जोडलेल्या?

आता टाकीच्या आत. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण पेट्रोललाही लागू आहे. पूर्ण भरलेल्या टाकीत ते हलत नाही. अर्ध्या टाकीत मात्र लाटा उठतात. वरच्या हिशेबातल्या टाकीत साडेआठ सेंटिमीटर पेट्रोल असताना एक लाट या बाजूकडून त्या बाजूला जाऊन परत यायला सुमारे १.७ सेकंद घेते. लेन बदलताना चालक स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवतो तेही साधारण याच तालात, म्हणून लाट दरवेळी वाढत जाते. टाकीत दोन आडपडदे घालून २५ सेंटिमीटरचे तीन कप्पे केले की तोच काळ ०.६५ सेकंदांच्या आत येतो. शिवाय आडपडद्यांच्या भोकांतून पेट्रोल ढकललं जाताना लाटेची शक्ती तिथेच खर्च होते. भोकं खालच्या कोपऱ्यांतही हवीत, नाहीतर थोडं पेट्रोल कप्प्यात अडकून राहील. वरही हवीत, म्हणजे हवा फिरती राहील. इंधन फवारणारं आधुनिक इंजिन बसवलं असेल तर विजेचा पंप टाकीच्या आतच, मधल्या कप्प्यात ठेवणं उत्तम. पेट्रोल त्याला गार ठेवतं, आणि त्याला ओढायचं कमी नि ढकलायचं जास्त असतं. गरम पेट्रोल ओढताना नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. ढकलताना ते होत नाही.

टाकीला श्वास लागतो. पेट्रोल दर अंशाला सुमारे हजारांश भागाने फुगतं; भरलेली टाकी २० अंशांनी तापली तर जवळजवळ दीड लिटर जास्तीची जागा मागते. म्हणून वरचा थोडा भाग कायम रिकामा राहील अशी भरण्याची नळी लावायची. हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेवर झडप हवीच, गाडी उलटली तर बंद होणारी. ती वाट बंद पडली तर काय होतं? दाब फक्त १ पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड) वाढला तरी ०.४५ चौरस मीटरच्या वरच्या पत्र्यावर सव्वातीनशे किलोच्या आसपास भार येतो. गळती तपासताना दाब २-३ पीएसआयच्या वर नेऊ नये तो याच कारणाने: साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे पाहायचे, थांबायचं.

पण टाकी किती वर्षं टिकेल हे तिच्या जोडांपेक्षाही ती कशी टांगली यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. पोलादाला एक सोय असते. त्याच्यावर वारंवार येणारा ताण एका मर्यादेच्या खाली राहिला, तर तो कोट्यवधी हेलकावे सोसूनही तडकत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण लहान असला तरी पुरेशा वेळा आला की त्याचा हिशेब साठत जातो आणि एके दिवशी केसाएवढी भेग दिसते. जुन्या पिकअपची चासी शिडीसारखी. खड्ड्यात एक चाक गेलं की सगळीच पिळवटते. टाकीचे चारही कोपरे तिला बोल्टने घट्ट आवळले, तर ताठ टाकी त्या पिळाला अडवायला जाते आणि चासीचा भाग होऊन बसते. हे काम तिच्यासाठी नाही. तापमानाचाही हिशेब आहे: ४० अंशांच्या फरकाने ७५ सेंटिमीटरची टाकी पोलादी चासीपेक्षा सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर जास्त लांबते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण घट्ट आवळलेल्या जोडावर तो रोज उन्हात आणि रात्री ताण आणतो. तोही नेमका वेल्डजवळ, जिथे धातू मऊ झालेला असतो.

म्हणून टाकीला कान जोडून ती लटकवण्याऐवजी खाली पोलादी अँगलचा पाळणा करावा, टाकी त्यात बसवावी आणि वरून रुंद पट्ट्यांनी धरावी. पाळणा चासीला तीन ठिकाणी टेकला तर चासीचा पीळ टाकीपर्यंत जवळजवळ पोचत नाही. टाकी आणि पाळण्यामध्ये पाणी न शोषणाऱ्या रबराच्या पट्ट्या हव्यात. नमदा किंवा फोम चालत नाही. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ मिसळलेलं पाणी त्यात मुरतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, फुटलेली कातडी पुन्हा धरत नाही आणि पत्र्याला खड्डे पडतात. शिवाय ॲल्युमिनियम आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची विजेची घटमाला होते, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. टाकीत थेट पितळी जोड बसवणंही याच कारणाने टाळावं.

आतून धोका कमी आहे, शून्य नाही. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं. सुमारे अर्धा टक्का पाणी साठलं, म्हणजे या टाकीत ३०० ते ४०० मिलिलिटर, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. तो थर ॲल्युमिनियमला चांगला नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ट्रकमध्ये हे घडू शकतं, म्हणून तळाला निचऱ्याची सोय ठेवणं मला आवश्यक वाटतं.

रबराने टाकी चासीपासून वेगळी केली की विजेच्या दृष्टीनेही ती एकटी पडते. पेट्रोल भरताना नळीतून वाहणाऱ्या द्रवाने स्थिर विद्युतभार साठतो आणि त्याला जायला वाट नसते. पेट्रोलची वाफ पेटायला मिलिज्यूलच्या चौथ्या भागाएवढी ठिणगीही पुरते. म्हणून टाकीपासून चासीपर्यंत एक तार जोडायची, आणि भरण्याच्या तोंडाचा धातूही तिच्याशी जोडलेला हवा. टाकीत तरंगून पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या फ्लोटलाही हीच तार लागते. फ्लोट निवडताना त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) तपासावा: जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या काट्याला रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम लागतो, तर बाजारातले सर्वसाधारण फ्लोट रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहम देतात. असा फ्लोट त्या काट्याला लावला तर टाकी रिकामी असताना काटा भरलेली दाखवतो.

जुनी टाकी काढताना ती रिकामी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे दीड ते साडेसात टक्के असली तरच ती पेटते. भरलेल्या टाकीत वाफ याहून दाट असते. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत ती नेमकी या पट्ट्यात येऊ शकते. तिला कापू नये, तापवू नये, वेल्डिंग तर मुळीच करू नये. नवी टाकी पहिल्यांदा भरताना पाच-पाच लिटर ओतून दरवेळी काटा कुठे येतो ते लिहून ठेवावं, आणि शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावर ट्रकखाली शिरून पट्टे किती सैल झाले ते बघावं. रबर दबतं, त्यामुळे ते थोडे सैल होतातच. तेवढ्यातच वेल्डच्या कडेने बोट फिरवावं: भेग डोळ्याला दिसण्याआधी तिथे पेट्रोलचा ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ हाताला लागते.