जेवणाचे आमंत्रण (कोरियन भाषेतील)

'बाप' म्हणजे शिजवलेला भात, आणि भात म्हणजेच जेवण. कोरियन भाषेत कोणाला जेवायला बोलावण्याची बहुतेक वाक्ये या एका शब्दाभोवती फिरतात. त्यांतली काही खरी आमंत्रणे असतात, काही नुसती विचारपूस, आणि काही या दोहोंच्या मधली. कोणते वाक्य कशात मोडते हे शब्दकोशावरून कळत नाही. ते बोलणाऱ्याचे वय, नाते आणि वाक्यात दिवस ठरला आहे की नाही यावरून ओळखावे लागते.

सर्वांत जास्त कानी पडणारे वाक्य म्हणजे 'बाप मॉगॉस्सॉ?', म्हणजे 'जेवलास का?' प्रत्यक्ष बोलताना 'बाप'मधला 'प' पुढच्या 'म'मुळे अनुनासिक होतो आणि 'बाम मॉगॉस्सॉ?' असे ऐकू येते. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होते, तोच हा संधी. मराठी माणसाला तो वेगळा शिकावा लागत नाही. दुपारी जिन्यात भेटलेला शेजारी हे विचारतो, परगावी शिकणाऱ्या मुलीला फोनवर आई हेच विचारते. 'हो, जेवले, तू जेवलास?' एवढे उत्तर पुरते. हे आमंत्रण नव्हे. 'नाही' म्हटले तर मात्र गोष्ट पुढे सरकते: 'अजून का नाही?' अशी काळजी येते आणि जवळचा माणूस असेल तर 'चल मग' असेही येते. आपल्याकडच्या 'जेवण झालं का?' या प्रश्नाचा सूर ज्याच्या कानात आहे, त्याला ही विचारपूस चटकन उमगते. युरोपातून आलेले विद्यार्थी मात्र सुरुवातीला तिला आमंत्रण समजतात.

या प्रश्नाचे मूळ उपासमारीत आहे, असे सर्रास सांगितले जाते. त्याला आधार आहे. मागच्या हंगामातला तांदूळ संपलेला आणि सातू अजून पिकलेला नाही, अशा वसंतातल्या दिवसांना कोरियन शेतकरी 'बोरित्कोगे', म्हणजे सातूची खिंड, म्हणत. ती खिंड पार करणे हीच दरवर्षीची चिंता असे. १९५०-५३ च्या युद्धानंतर हाल आणखी वाढले. १९६० आणि ७० च्या दशकांत तांदूळ वाचवण्यासाठी शाळांमध्ये मुलांचे डबे उघडून भातात सातू मिसळला आहे ना, हे शिक्षक तपासत. सत्तरच्या दशकात 'थोंगइल' या भरघोस पिकणाऱ्या तांदळाच्या वाणाने ही टंचाई मिटवली. तरीही भूक हे एकमेव कारण मानणे मला पटत नाही. चीनमध्ये, थायलंडमध्ये आणि आपल्याकडेही हाच प्रश्न विचारतात. ज्या समाजात दिवसाची विभागणी भाताच्या ताटाने होते, तिथे खुशाली विचारण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग असतो.

दुसरे प्रसिद्ध वाक्य आहे 'ऑन्जे बाप हानबॉन मॉक्चा', म्हणजे 'कधीतरी एकदा जेवू या'. जुना वर्गमित्र मेट्रोत भेटतो, दोन मिनिटे बोलणे होते, गाडीचे दार उघडते आणि उतरता उतरता तो हे म्हणतो. यावर वही काढून 'कधी?' विचारले तर समोरचा गडबडतो. या वाक्यात खोटेपणा नाही. आपले संबंध तुटलेले नाहीत, पुन्हा भेटलो तर आनंद होईल, एवढे ते सांगते. आमंत्रण खरे असेल तर त्यात दिवस येतो: 'येत्या गुरुवारी संध्याकाळी मोकळा आहेस का?' कार्यालयात तर आधी 'जॉम्शिम याक्सोक इस्सुसेयो?', म्हणजे 'दुपारच्या जेवणाचे कुणाशी ठरले आहे का?', असे विचारण्याची पद्धत आहे. नको असेल तर 'हो, आधीच ठरले आहे' म्हणण्याची वाट त्या प्रश्नातच मोकळी ठेवलेली असते, म्हणून नकार कोणालाच लागत नाही.

आता शब्दांची पायरी. मित्राला 'बाप मॉगुरॉ गाल्ले?' (जेवायला येतोस?) चालते. वरिष्ठांसमोर 'बाप' बाजूला राहतो आणि 'शिक्सा' हा चिनी मुळाचा शब्द येतो, 'शिक्सा हाश्यॉस्सॉयो?' म्हणजे 'आपले जेवण झाले का?' आजीआजोबांसाठी त्याहून आदराचा 'जिंजी' आहे. राजाच्या ताटातल्या भाताला 'सुरा' म्हणत, आणि पितरांपुढे ठेवलेल्या भाताला 'मे' म्हणतात. भात तोच, पण कोणापुढे ठेवला यावर नाव बदलते, जसा देवापुढचा भात आपल्याकडे नैवेद्य होतो. क्रियापदही त्याबरोबर बदलते: स्वतः खाणे ते 'मॉक्ता', दुसऱ्याने खाणे ते आदराने 'दुशिदा' किंवा 'जाप्सुशिदा'. साहेबांना 'जेवू या का?' अशा बरोबरीच्या सुरात विचारणे खटकते. तिथे 'शिक्सा हानबॉन देजॉप हागो शिप्सुम्निदा', म्हणजे 'एकदा आपल्याला जेवू घालावे अशी इच्छा आहे', असे म्हणतात. पुणे जिल्ह्यात रांजणगाव, तळेगाव इथे कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथल्या कोरियन अधिकाऱ्यांशी बोलताना हे एक वाक्य नीट म्हणता आले, तर व्याकरणाच्या चार चुका पोटात घातल्या जातात.

बोलावणाऱ्याने पैसे द्यायचे, ही समजूत आमंत्रणातच धरलेली असते. 'नेगा साल्के' (मी देतो) हे वाक्य उच्चारले की प्रश्न मिटला. बढती, पहिला पगार, परीक्षेतले यश अशा निमित्ताने सगळ्यांना खाऊ घालणे याला 'हानथॉक नेदा' म्हणतात, आणि तरुणांच्या बोलीत 'नेगा स्सोल्के', शब्दशः 'मी गोळी झाडतो'! वयाने मोठा असेल त्याने खिशात हात घालणे अपेक्षित असते. मार्चमध्ये विद्यापीठाचे नवे वर्ष सुरू होते, तेव्हा नवखी मुले वरच्या वर्गातल्यांना सरळ 'आम्हाला जेवू घाला' म्हणतात. या ठरलेल्या जेवणाला 'बापयाक' असे छोटे नावही आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ओळख करून देण्याची मोठ्यांची जबाबदारी त्या मागणीत गृहीत असते. मग जेवणानंतर धाकटा म्हणतो, 'कॉफी माझ्याकडून.' हिशेब बरोबरीचा होत नाही, व्हायचाही नसतो. थोडे देणे उरले की पुढच्या भेटीला कारण राहते. उपाहारगृहात पैसे देण्याची जागा बहुधा दाराशी असते. तिथे दोन मध्यमवयीन माणसे एकमेकांचे कार्ड मागे ढकलत उभी आहेत, हे दृश्य रोजचे आहे. जाणकार माणूस जेवण चालू असतानाच हात धुण्याच्या निमित्ताने उठतो आणि पैसे देऊन येतो. तरुण पिढीत आपापले पैसे देण्याची रीतही रुळली आहे. तिला 'डच पे' म्हणतात.

सरकारी अधिकारी, शिक्षक आणि पत्रकारांच्या बाबतीत या आतिथ्याला कायद्याची मर्यादा आहे. माजी न्यायाधीश किम योंगरान यांच्या नावाने ओळखला जाणारा लाचविरोधी कायदा २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. त्यात कामाचा संबंध असलेल्यांनी दिलेल्या जेवणाची कमाल मर्यादा माणशी ३०,००० वॉन ठरली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ५०,००० वॉन झाली.

घरी बोलावणे बाहेर नेण्यापेक्षा दुर्मीळ, म्हणून त्याचे मोलही जास्त. नव्या घरात गेल्यावर 'जिप्तुरी' करतात. पाहुणे कपडे धुण्याची पावडर आणि टॉयलेट पेपरचे गठ्ठे घेऊन येतात: फेसासारखी भरभराट व्हावी, आणि गुंडाळी सुटते तशी कामे सुरळीत सुटावीत. हिवाळ्याच्या तोंडावर किमची (कोबीचे आंबवलेले तिखट लोणचे) घालण्याच्या 'किमजांग'मध्ये हात लावायला आलेल्या शेजारणींना उकडलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे नुकत्याच मळलेल्या किमचीत गुंडाळून भरवतात. ही प्रथा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. लग्नाचे आमंत्रणही जेवणाच्या भाषेतच मागतात: 'शेवया कधी खायला घालणार?' म्हणजे लग्न कधी करणार.

ताटे मांडल्यावर यजमानीण म्हणते, 'छारिन गॉन ऑप्चीमान मानी दुसेयो', म्हणजे 'मांडण्यासारखे काही नाही, पण पोटभर घ्या'. हे म्हणताना समोर दहाबारा वाट्या असतात. अवचित आलेल्याला 'एक चमचा जास्त मांडला की झाले' असे सांगून बसवतात. घरातल्या सर्वांत मोठ्याने चमचा उचलेपर्यंत बाकीचे थांबतात. पण एकाच टेबलाभोवती सगळे कुटुंब, हे चित्र फार जुने नव्हे. जोसॉन राजघराण्याच्या काळातल्या उमराव घरांत वडीलधाऱ्या पुरुषाला छोट्या चौरंगावर वेगळे ताट मिळे, आणि बायका स्वयंपाकघरात जेवत. कुटुंबीयासाठी असलेला 'शिक्कू' हा शब्द मात्र अक्षरशः 'खाणारी तोंडे' असाच आहे.

अलीकडे एकट्याने जेवणे वाढले आहे, त्याला 'होनबाप' म्हणतात. २०२३ मध्ये दक्षिण कोरियात एकट्या माणसाची घरे एक तृतीयांशाहून जास्त होती. वर्षाला दरडोई खाल्ला जाणारा तांदूळही १९७० मधल्या सुमारे १३६ किलोंवरून २०२३ मध्ये सुमारे ५६ किलोंवर आला. तरीही बऱ्याच उपाहारगृहांत शेगडीवर भाजायचे मांस किंवा मोठ्या पातेल्यातला रस्सा दोन माणसांच्या खाली देत नाहीत. ते खायचे तर कोणाला तरी विचारावेच लागते, आणि मग त्या पिझ्झा-नूडल्सच्या पिढीतही प्रश्न येतो तो 'बाप'चाच.

जेवणापूर्वी पाहुणा 'जाल मॉक्केस्सुम्निदा' (छान जेवणार आहे) म्हणतो, नंतर 'जाल मॉगॉस्सुम्निदा' (छान जेवलो). ज्याने पैसे दिले त्याच्याकडे वळून हे म्हणायचे असते. साध्या खाणावळीतून बाहेर पडताना, पैसे स्वतःच दिलेले असले तरी, आत भांडी घासणाऱ्या मावशींनाही लोक तेच वाक्य ऐकवून जातात.