पुली की कोमोंडोर? मॉपसारखे दिसणारे दोन कुत्रे आणि दरवेळचा घोळ

फरशी पुसायचा तो दोऱ्यांचा मॉप असतो ना, त्याला चार पाय फुटून तो अंगणभर उड्या मारत सुटला तर कसा दिसेल, तसल्या कुत्र्याचा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असणार. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी तो टाकतंच आणि खाली तोच वाद, एकजण म्हणतो पुली, दुसरा गूगल करून येतो आणि म्हणतो नाही रे कोमोंडोर, आणि आत्या विचारते, अरे पण त्या बिचाऱ्याला दिसतं कसं? आत्याचा प्रश्न खरं तर सगळ्यात भारी आहे, येतो त्यावर.

दोघंही हंगेरीचे. आणि पुली म्हणजे मशीनची पट्टा लावायची पुली नव्हे, तिचा काही संबंध नाही, हे हंगेरियन नाव आहे.

आधी सोप्पं उरकून टाकू. कुत्रा काळा असेल तर तो कोमोंडोर नाहीच, विषय संपला. कोमोंडोर फक्त पांढरा असतो, आणि पांढरा म्हणजे जाहिरातीतला पांढराशुभ्र नाही, जुन्या धोतरासारखा जरा पिवळटसर. पुली बहुतेक काळा बघायला मिळतो पण करडा असतो, फिकट बदामी असतो आणि पांढरासुद्धा असतो, आणि सगळी गोची होते ती या पांढऱ्या पुलीपाशी. फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गचा तो बीस्ट नावाचा कुत्रा, २०११ मध्ये घेतलेला, तो पांढराच पुली. फोटोत एकटाच गवतावर पसरलेला असला, शेजारी माणूस नाही खुर्ची नाही, तर भलेभले त्याला कोमोंडोर म्हणून मोकळे होतात.

कारण फोटोत साइज कळत नाही. समोर उभे राहिले तर लहान पोरगंही सांगेल. पुलीचा नर खांद्याशी ३९ ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या गुडघ्याच्या आसपास, आणि वजन १३ ते १५ किलो, काखेत मारून रिक्षात बसता येईल असा. कोमोंडोरचा नर कमीत कमी ७० सेंटीमीटर, वजन ५० ते ६० किलो, म्हणजे एक अख्खा माणूसच. त्याला कोण काखेत मारतंय.

फोटोच असेल तर शेपूट बघा. पुलीची शेपूट वळून पाठीवर पडलेली असते आणि तिचे केस पाठीच्या केसांत असे मिसळतात की डोकं कुठलं न् मागची बाजू कुठली ते तो चालायला लागल्यावरच कळतं. कोमोंडोरची शेपूट खाली लोंबते, फक्त टोकाशी जराशी वर. व्हिडिओ असेल तर अजूनच सोपं, पुली तुरुतुरु चालतो, बॉलसारखा टप्पे घेत, आणि कोमोंडोर लांब लांब ढांगा टाकत निवांत, घाई कशाचीच नाही.

पण माझ्या मते हे सगळं वरवरचं झालं. खरा फरक कामात आहे, आणि रंग, साइज, स्वभाव सगळं त्या कामाशीच जाऊन जुळतं. हंगेरीत मोठमोठी सपाट गवताळ माळरानं आहेत, पुस्ता म्हणतात त्यांना, तिथे मेंढरांचे कळप असायचे आणि कळपामागे हे दोन्ही कुत्रे, पण ड्युटी वेगळी. पुली हाकणारा. दिवसभर कळपाभोवती पळायचं, भुंकायचं, एखादं मेंढरू भरकटलं की त्याला वळवून आणायचं, मेंढपाळाने नुसती शीळ घातली तरी समजायचं. मेंढरांच्या पाठीवरून उड्या मारत पलीकडे जातो असंही सांगतात. कोमोंडोर मेंढरं हाकतबिकत नाही, तो राखणदार. दिवसा मेंढरांतच लोळत पडणार, तुम्हाला वाटेल काय आळशी जनावर आहे, आणि रात्री लांडगा आला की हाच उठतो, कोणी हुकूम द्यायची वाट बघत नाही. आपल्याकडे धनगराच्या वाड्यावरची कुत्री कशी रात्री परक्या माणसाला जवळ फिरकू देत नाहीत, साधारण त्या जातकुळीतलं काम.

आता रंग बघा. कोमोंडोर पांढरा आणि लोकरीसारखा, म्हणजे मेंढरांत मिसळून जातो, लांडग्याला कळतच नाही यातलं मेंढरू कुठलं आणि कुत्रा कुठला, आणि अंधारात मेंढपाळ त्याला लांडगा समजून दांडकं घालत नाही. पुली काळा, म्हणजे पांढऱ्या कळपात कुठे आहे ते मेंढपाळाला लांबूनच दिसतं. हे पारंपरिक स्पष्टीकरण आहे, आणि मला पटतं.

गंमत म्हणजे एफसीआय (धान्याच्या गोदामवाली नव्हे, कुत्र्यांच्या जाती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) या दोघांना एकाच गटात बसवते, मेंढपाळी कुत्र्यांच्या. अमेरिकन केनेल क्लब मात्र पुलीला हाकणाऱ्यांत टाकतो आणि कोमोंडोरला कामकरी कुत्र्यांत. मी अमेरिकनांच्या बाजूने.

नावांमागेही वेगळे लोक आहेत. कोमोंडोर हे नाव कुमान लोकांवरून आलं असं मानतात, हे तेराव्या शतकात मंगोलांपुढे पळत हंगेरीत आश्रयाला आलेले भटके लोक. पुली त्याच्या आधीच, नवव्या शतकाच्या शेवटी मग्यार टोळ्यांबरोबर आला असं म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही जाती जवळजवळ संपल्या होत्या, आजही हंगेरीबाहेर सहज भेटत नाहीत.

आता केस. दोघांनाही दोन थर असतात, बाहेरचा राठ आणि आतला मऊ. बाकीच्या कुत्र्यांचा आतला थर गळून सोफ्यावर येतो, यांचा तो बाहेरच्या केसांतच अडकतो आणि गुंतत गुंतत जट होते. जट हाच शब्द बरोबर आहे, आपल्याकडे डोक्यात होते तीच प्रक्रिया, देवबिव काही नाही, न विंचरलेले केस. पिल्लं मात्र मऊ कुरळी असतात, साधारण आठ-दहा महिन्यांची झाली की गुठळ्या व्हायला लागतात, आणि मग मालकाला बसून एकेक गुठळी बोटांनी कातडीपर्यंत फाडून वेगळी करावी लागते, नाहीतर अंगभर एकच सलग नमदा तयार होतो. कंगवा लावायचाच नाही. कोमोंडोरच्या जटा जाड दोरखंडासारख्या, पुलीच्या बऱ्याचदा बारीक, सुतळीसारख्या, पण यावरून ओळखायला जाऊ नका, फसाल.

हां, आत्याचा प्रश्न. दिसतं की! दारातला माळांचा पडदा बाहेरून बंद वाटतो पण आत उभं राहिलं की बाहेरचं दिसतं, तसं.

अंघोळ हा वेगळाच उपद्व्याप. या जटा स्पंजसारखं पाणी पितात, चोळून चालत नाही, शॅम्पू मुरवायचा आणि एकेक मूठ धरून पिळायची, मग टॉवेलावर टॉवेल आणि समोर पंखा. वरून वाळल्यासारखं वाटतं पण बोट आत घातलं की मुळाशी गार ओलावा लागतो, आणि तसंच सोडलं तर पावसाळ्यात दोरीवर तीन दिवस राहिलेल्या जीन्ससारखा कुबट वास मारतो. पुली वाळायलाच अख्खा दिवस घेतो, कोमोंडोरला कधीकधी दोन लागतात, आणि तोपर्यंत ते साठ किलोचं ओलं घोंगडं घरभर फिरणार.