बँड गॅप : एका शब्दामागची ओढाताण

भुसावळहून खंडव्याकडे निघालेल्या गाडीत सावदा आलं की खिडकीबाहेर केळीच केळी. बघत राहिलं तर एका क्षणी ओळी उघडतात आणि बाग पलीकडच्या बांधापर्यंत आरपार दिसते. लगेच खोडांची भिंत, मग एक तिरपी फट, पुन्हा भिंत. झाडं तीच, अंतर तेच, बदलते ती फक्त दिशा. ठराविक अंतरावर मांडलेली रचना काही वारंवारतेच्या लहरींना वाट देत नाही, त्या अडलेल्या पट्ट्याला बँड गॅप म्हणतात. या विषयाच्या इतिहासात सगळ्यात मोठा घोळ झाला तोही दिशेवरूनच.

मूळ गणित १८८७ चं. एकाआड एक थर असतील तर लहरींचा एक पट्टा त्यांतून पुढे सरकत नाही, हे तेव्हाच मांडलं गेलं होतं. १९०० च्या सुमारास टेलिफोनच्या लांब तारांवर ठराविक अंतराने वेटोळी बसवू लागले, तेव्हा एका मर्यादेपुढचे उंच स्वर पलीकडे पोहोचेनासे झाले. १९१३ मध्ये स्फटिकाच्या थरांवरून परतणाऱ्या क्ष-किरणांचं सूत्र आलं आणि १९२८ नंतर स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनचं. बारावीच्या सेमिकंडक्टरच्या धड्यातला बँड गॅप तो हाच.

नवी गोष्ट घडली १९८७ मध्ये. एकाच नियतकालिकात, एकाच वर्षी, दोन स्वतंत्र शोधनिबंध आले. एकाला अणूतून आपोआप बाहेर पडणारा प्रकाश रोखायचा होता, तर दुसऱ्याला प्रकाश एका जागी कोंडायचा होता. दोघांनाही हवी होती ती तिन्ही मितींत नियमित असलेली, कुठल्याच बाजूने प्रकाशाला वाट न देणारी रचना. आरशावरचे थर समोरून येणारा प्रकाश परतवतात, पण तिरप्या प्रकाशासाठी तो पट्टा सरकतो. त्याला ‘स्टॉप बँड’ म्हणावं आणि ‘बँड गॅप’ हा शब्द सगळ्या दिशांसाठी राखून ठेवावा, असा आग्रह पुढे धरला गेला. प्रत्यक्षात तो फार पाळला जात नाही. आजही साध्या थरांना कुणी बँड गॅपवालं म्हणतं आणि कुणाला त्याचा राग येतो. माझं मत राग येणाऱ्यांच्या बाजूने आहे.

कारण १९८९ मध्ये या शब्दाने खरोखर फसवलं. सूक्ष्मलहरींवर प्रयोग करणाऱ्या गटाने जास्त अपवर्तनांकाच्या पदार्थात गोल पोकळ्या कोरल्या, दुकानात संत्री रचतात तशा मांडणीत. मोजमाप केलं आणि पूर्ण गॅप सापडल्याचं जाहीर केलं. वर्षभरात गणितवाल्यांनी हिशेब केला. प्रकाशाला ध्रुवण, म्हणजे कंपनाची दिशा, असतं हे विसरून, त्याला साधी लहर मानून चालणार नव्हतं. ध्रुवण धरून मोजलं तर एका विशिष्ट दिशेला प्रकाशाला वाट देणारे दोन पट्टे एकमेकांना चिकटत होते, म्हणजे तिथे गॅप नव्हताच. नमुना लहान असल्याने प्रयोगात ती बारीक फट दिसली नव्हती. केळीच्या बागेत नेमकी तीच तिरपी ओळ बघायची राहून जावी, तसं.

त्याच १९९० मध्ये हिऱ्यातल्या अणूंसारखी मांडणी केली तर गॅप पूर्ण मिळतो, असं गणिताने दाखवलं. १९९१ मध्ये तो प्रत्यक्षात आला. ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागावर ठराविक अंतराने आखलेल्या प्रत्येक बिंदूतून, उभ्या रेषेशी सुमारे ३५ अंशांचा कोन ठेवून, तीन दिशांनी ड्रिल मारलेलं होतं. गंमत म्हणजे १९९२ मध्ये लक्षात आलं की त्या जुन्या संत्र्यांच्या मांडणीतही एक गॅप आहे, फक्त बऱ्याच वरच्या वारंवारतेच्या पट्ट्यांत. चुकीच्या जागी शोधलं म्हणून त्या गटाला हसणारे होते. पण ड्रिल हातात घेतलं त्यांनीच, हे सांगायला लोक विसरतात.

मग आवाजाची पाळी आली. १९९५ मध्ये माद्रिदमधल्या एका शिल्पाजवळ मोजणी झाली. ते शिल्प म्हणजे २.९ सेंमी व्यासाच्या पोलादी नळ्या, एकमेकींपासून १० सेंमीवर. सुमारे १६७० हर्ट्‌झचा आवाज त्यातून दबत होता. नळ्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी, या साध्या हिशेबाने १७१५ येतात, म्हणजे अंदाज जवळचाच. मात्र पूर्ण गॅप म्हणावा का, हा वाद इथेही उठला. २००० मध्ये तर रबराचं अस्तर लावलेल्या शिशाच्या गोळ्यांनी सुमारे ४०० हर्ट्‌झचा आवाज अडवला. गोळ्यांमधलं अंतर तरंगलांबीच्या मानाने नगण्य होतं. तिथे अडवणूक अंतराची नव्हती, प्रत्येक गोळीच्या स्वतःच्या डोलण्याची होती. तरी नाव तेच चिकटलं. २०१४ मध्ये जमिनीत ५ मीटर खोल भोकांच्या ओळींनी ५० हर्ट्‌झचे हादरे परतवल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा भूकंप अडवण्याच्या बातम्या निघाल्या. भूकंपात इमारतींना घातक ठरणारे हादरे याहून बरेच संथ असतात, हे बातम्यांत शेवटी कुठेतरी होतं.

आपल्याकडे केळी साधारण ५ बाय ५ फुटांवर लागते, म्हणजे दीड मीटर. हिशेबाने अडायला हवा तो ११४ हर्ट्‌झचा आवाज. बांधावरच्या डीपीचा, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा, गुणगुणाट १०० हर्ट्‌झचा. मे महिन्यात ४५ अंशांना ध्वनीचा वेग वाढतो आणि ६ फुटांच्या ओळींसाठी उत्तर ९८ वर येतं. बाग डीपीचा आवाज अडवते असं म्हणायचा मोह होतो. पण २५ सेंमीच्या खोडांनी जमिनीचा जेमतेम २ टक्के भाग व्यापलेला असतो, माद्रिदच्या नळ्यांनी साडेसहा टक्के. बागेत शिरल्यावर जे शांत वाटतं ते पानांमुळे, आणि पानं उंच स्वरच खातात. डीपी बागेच्या मध्यावरही ऐकू येते.